क्रिकेटची कॅसेट हाये का?

मला आकाशवाणीवर बोलावणं येतं ते बहुतेक कवितेवर बोलायला. ईद जवळ आली की ईदवर, सप्टेंबर आला की मराठवाडा मुक्तिसंग्रामावर. या खेपेला ‘विषय तुमच्या आवडीचा घ्या’ असं सांगण्यात आलं. मी ‘व्हिडिओ गेम’ म्हणालो, तेव्हा फोनवर पलीकडं थोडा वेळ कुणीच बोललं नाही. पन्नाशी ओलांडलेला कवी, राहणार उमापूर, तालुका गेवराई. याचा आणि व्हिडिओ गेमचा काय संबंध?

संबंध आहे. माझ्याकडं एक वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारीसाठी ठेवतात तसली. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना भाईजान म्हणायचो, त्यांच्या हातची. १९९४ ते १९९७ या काळात भाईजाननी उमापुरात व्हिडिओ गेमचं दुकान चालवलं. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, एक रंगीत टीव्ही, एक डबा आणि खोक्यात ठेवलेल्या कॅसेटी. तासाला पाच रुपये. मी तेव्हा नुकताच बी. ए. झालो होतो आणि नोकरीच्या वाटेवर डोळे लावून बसलो होतो. म्हणजे दुकानात बसायला मोकळाच होतो.

वहीच्या प्रत्येक पानावर चार रकाने आहेत: वेळ, नाव, कॅसेट, पैसे. कॅसेटच्या रकान्यात इंग्रजी नावं नाहीत. भाईजाननी त्यांचं बारसं स्वतःच केलं होतं. कॉन्ट्राला ‘बंदूक’, मारिओला ‘मिशीवाला’, टँकच्या गेमला ‘रणगाडा’, बदकं मारायच्या गेमला नुसतं ‘बदक’. ही वही चाळली की पहिल्याच दहा पानांत कळतं की उमापूरचा गिऱ्हाईक दोनच गोष्टींवर जीव टाकत होता, बंदूक आणि रणगाडा. मिशीवाला त्यांच्या मागं, आणि बाकी सगळे कुठं तरी लांब.

मला पुष्कळ दिवस वाटायचं की आमच्या पोरांना मारामारीचाच शौक. पुढं या धंद्याविषयी वाचत गेलो, आणि वहीकडं पुन्हा पाहिलं, तेव्हा कारण निराळंच निघालं. बंदूक आणि रणगाडा हे दोन्ही गेम दोघांना एकाच वेळी, एकाच पडद्यावर, एकाच बाजूनं खेळता येतात. पाच रुपये दोघांत वाटले की अडीच-अडीच. मिशीवाल्यात दोघं असले तरी एक मरेपर्यंत दुसऱ्यानं बसून राहायचं, आणि घड्याळ तर दोघांचंही चालूच. पोरांनी शौर्य निवडलं नव्हतं, भाडं निवडलं होतं.

कोणत्या यंत्रावर कोणत्या जातीचा गेम खपतो, याचं उत्तर फार वेळा असंच माणसाच्या स्वभावाबाहेर सापडतं. यंत्र केवढ्याला, ते हातात कसं धरायचं, पैसा कसा गोळा होतो, आणि वीज किती वेळ असते, या गोष्टी आधी ठरतात. आवड मागून येते आणि ‘मीच पहिली’ म्हणून मिरवते.

आता तो डबा. डब्यावर नाव निरनिराळं असे, सामुराई म्हणा, मीडिया म्हणा. पण आतला जीव बहुधा एकच, जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘फॅमिकॉम’चा. हा फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली बाजारात आला. अशा टीव्हीला जोडायच्या यंत्राला कंपन्या कन्सोल म्हणतात. फॅमिकॉमच्या हातातल्या पट्टीवर, जिला आम्ही रिमोट म्हणायचो, डावीकडं एक अधिकचिन्ह आणि उजवीकडं दोन गोल बटणं. डाव्या अंगठ्यानं पळायचं, उजव्यानं उडी मारायची नाही तर गोळी झाडायची. या रचनेत काय बसेल? पळापळी आणि उड्या. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स जगभर चार कोटींवर गेला त्यात कारागिरांची अक्कल आहेच, पण तो त्या दोन अंगठ्यांच्या मापानं शिवलेला अंगरखा होता.

हाच फॅमिकॉम अमेरिकेत १९८५ साली दुसऱ्या नावानं आणि दुसऱ्या खोक्यात गेला, तेव्हा कंपनीनं त्यात एक कुलूप बसवलं. एक छोटी चिप, जी कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी ओळख पटली तरच यंत्र चालू ठेवायची. ज्याला गेम बनवायचा त्यानं निन्टेन्डोची परवानगी घ्यायची, फी द्यायची, आणि वर्षाला पाचच्या वर गेम काढायचे नाहीत. जपानच्या मूळ डब्यात मात्र हे कुलूप नव्हतं. म्हणून नकला झाल्या त्या त्याच डब्याच्या. तैवानकडून निघालेल्या या नकला रशियात ‘डेंडी’ नावानं गेल्या, पोलंडमध्ये ‘पेगासस’ नावानं, आणि आपल्याकडंही निरनिराळ्या नावांनी आल्या. उमापूरच्या पोराला मारिओ भेटला तो एका जपानी खोक्याला कडी नव्हती म्हणून.

सेगा नावाची दुसरी कंपनी त्या काळात निन्टेन्डोशी झुंजत होती. तिचं यंत्र भारतात शॉ वॉलेसनं आणलं होतं, पण आमच्याकडं ते फक्त जाहिरातीत पोचलं. या दोघींच्या झुंजीतला एक किस्सा सांगण्यासारखा आहे, कारण तिथं गेम एकच होता, फक्त यंत्रं दोन. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ नावाचा कुस्ती-मारामारीचा गेम १९९३ च्या सप्टेंबरात दोन्ही यंत्रांवर एकाच दिवशी आला. निन्टेन्डो म्हणजे घरंदाज कंपनी. तिनं गेममधलं रक्त काढून त्या जागी घाम दाखवायला लावला. सेगानं रक्त ठेवलं, फक्त ते दिसायला बटणांचा एक गुप्त क्रम दाबावा लागे. तो गुप्त क्रम आठवडाभरात शाळेशाळेत पोचला हे सांगायला नको. निन्टेन्डोच्या यंत्रावर चित्रं जास्त देखणी होती, तरी सेगाची आवृत्ती कितीतरी जास्त खपली. दुसऱ्या भागात निन्टेन्डोनंही निमूटपणे रक्त राहू दिलं. त्याच सुमारास अमेरिकेच्या सिनेटमध्ये या रक्तावर चर्चा झडली आणि १९९४ पासून तिकडं गेमच्या खोक्यावर वयाचा शिक्का मारायची पद्धत पडली.

आता माझी चूक सांगतो. १९९६ साली भाईजान मुंबईला कॅसेटी आणायला निघाले, तेव्हा मी बरोबर गेलो. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानदारानं एक कॅसेट दाखवली आणि म्हणाला, यात गोष्ट आहे, राजा आहे, राक्षस आहे, महिनाभर पुरेल. मी कवी. गोष्ट म्हटल्यावर विरघळलो. ती एक कॅसेट आमच्या नेहमीच्या चार कॅसेटींच्या मोलाची होती. भाईजान कां-कूं करत होते, कारण ते पैसे दुसऱ्या टीव्हीसाठी बाजूला ठेवलेले होते. मी म्हणालो, घ्या, उमापुरात अशी कुणाकडंच नाही.

खरंच कुणाकडंच नव्हती. घरी येऊन लावली तर सगळा मजकूर जपानीत. राजा बोलतोय, राक्षस बोलतोय, पण काय बोलतोय ते अल्लालाच ठाऊक. तेवढ्यावर भागलं असतं, तरी दुसरी अडचण होतीच. असा गेम एका बैठकीत संपत नाही. पंचवीस-तीस तास लागतात. तासाला पाच रुपये देणारं पोर तीस तास कुठून आणणार? आणि आमची वीज सलग दोन तास टिकली तर लोक एकमेकांना सांगायचे. वहीत ही कॅसेट ‘राजा’ नावानं तीन वेळा आहे. तिसऱ्या नोंदीपुढं भाईजाननी लिहिलंय, ‘लाईट गेली, पैसे परत’.

पुढं समजलं की ती कॅसेट ज्या घराण्यातली होती, त्या घराण्यानं जपान वेडं केलं होतं. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा एनिक्स कंपनीचा गेम १९८६ सालचा. १९८८ च्या फेब्रुवारीत त्याचा तिसरा भाग आला तेव्हा शाळा बुडवून मुलं रांगेत उभी राहिली. अमेरिकेत मात्र तोच पहिला भाग १९८९ साली गेला आणि इतका मागं पडला, की निन्टेन्डोला पुढं तो आपल्या मासिकाच्या वर्गणीदारांना फुकट वाटावा लागला. यंत्र एकच, गेम एकच. पण जपानी पोराला वाचत बसायची, हळूहळू बळ वाढवायची गोडी लागलेली होती, अमेरिकी पोराला अजून लागायची होती. ती लागली १९९७ साली, ‘फायनल फँटसी’च्या सातव्या भागानं, आणि तीही निन्टेन्डोच्या यंत्रावर नाही. निन्टेन्डोनं नव्या यंत्रातही कॅसेटच ठेवली होती. सोनीच्या प्लेस्टेशननं सीडी घेतली. त्या गोष्टीला तीन सीड्या लागल्या. कॅसेटमध्ये ती मावलीच नसती. म्हणून लेखकमंडळी जुनं घर सोडून सोनीकडं गेली आणि कथेचे गेम आवडणारी सगळी बिरादरी त्यांच्यामागं गेली.

हे वाचताना मला आमची दिवाळी अंकांची दुनिया आठवली. तिथं कविता कुठं छापतात? कथा संपून उरलेल्या अर्ध्या पानात. त्यामुळं मराठीत बारा ओळींची कविता उदंड पिकते आणि दीर्घ कविता लिहिणारा संपादकाच्या दारात ताटकळतो. जागा बघून पीक घ्यायचं, हे काही शेतकऱ्यालाच लागू नाही.

तर मुख्य गोष्ट. वहीच्या शेवटच्या चार-पाच पानांवर भाईजाननी ‘मागणी’ असा मथळा घातलाय. गिऱ्हाइकानं मागितलं आणि आपल्याकडं नव्हतं, अशा वस्तूंची यादी. त्या पानांवर एकच शब्द आहे, वरपासून खालपर्यंत. क्रिकेट. क्रिकेट. क्रिकेट. १९९६ च्या विश्वचषकाच्या दिवसांत तर तारखाही घातलेल्या आहेत. ‘भाई, क्रिकेटची कॅसेट हाये का?’ हा प्रश्न मी स्वतः इतक्या वेळा ऐकलाय की अजूनही बाजारात कुणी पाठीमागून ‘भाई’ म्हणालं तर मी ‘नाही’ म्हणायला वळतो.

कॅसेट का नव्हती? डब्यात बेसबॉल होता, गोल्फ होता, टेनिस, फुटबॉल, आइस हॉकी, सगळं होतं. कारण डब्याचे मोठे बाजार दोन, जपान आणि अमेरिका, आणि दोन्हीकडं बेसबॉल. त्या यंत्रावर क्रिकेटची एक कॅसेट निघाली होती, १९९२ साली, ऑस्ट्रेलियात, आणि ती ऑस्ट्रेलियातच विकली गेली. जगातला सगळ्यात मोठा क्रिकेटवेडा देश यंत्र विकत घेत नव्हता; घेत होता ती नक्कल. नकलेचा पैसा मूळ कंपनीच्या हिशेबात दिसत नाही. म्हणजे उमापुरात रोज मागणी असूनही, जपानच्या वहीत ती शून्य होती. आम्ही गिऱ्हाईक होतो, पण मोजलेले गिऱ्हाईक नव्हतो.

यात धंद्याचं गणितही आहे. कन्सोल विकणारी कंपनी यंत्रावर फार कमावत नाही, कधी कधी तोटाही सोसते. तिची कमाई प्रत्येक विकल्या गेलेल्या गेममागच्या फीमधून. म्हणून तिला असा देश हवा असतो जिथं लोक यंत्र घेतल्यावर वर्षाला चार-पाच गेम पुऱ्या दामानं घेतील. जिथं लोक ‘नऊशे नव्व्याण्णव गेम एकात’ असली कॅसेट घेऊन पाच वर्षं काढतात, तिथं तिच्या दृष्टीनं बाजारच नाही. (त्या नऊशे नव्व्याण्णवांतले खरे वेगळे किती, हे ज्यांनी मोजलं त्यांना माझा सलाम.)

क्रिकेट आलं ते कॉम्प्युटरवरून. ईए स्पोर्ट्स या अमेरिकी कंपनीनं १९९६ पासून अधूनमधून क्रिकेटचे गेम काढले आणि २००६ च्या अखेरीस ‘क्रिकेट ०७’ काढून हात झटकले. त्यानंतर त्या कंपनीनं कॉम्प्युटरसाठी क्रिकेटचा गेम काढला नाही. आपल्याकडं मात्र तो गेम पुढं कित्येक वर्षं चालला. मुलांनी स्वतः संघ बदलले, नवे खेळाडू घातले, जर्सी रंगवल्या. कॅफेत, वसतिगृहात, सीडीवरून सीडी करत तो गावोगाव गेला. म्हणजे इथंही तेच. खेळणारे अमाप, मोजलेले थोडे.

सोनीनं एकदा प्रयत्न केला, हे नोंदवायला हवं. त्यांचं प्लेस्टेशन टू हे यंत्र २००० सालचं; जगभर पंधरा कोटींवर खपलं, इतकं दुसरं कुठलंच घरातलं कन्सोल खपलेलं नाही. नवं यंत्र आल्यावरही भारतात हे जुनं, स्वस्त झालेलं यंत्र विकलं जात राहिलं, आणि २००९ ते २०११ च्या सुमारास सोनीनं त्यावर इथले गेम इथल्याच लोकांकडून करून घेतले. हैदराबादेत ‘हनुमान’ झाला, ‘देसी अड्डा’ झाला, ज्यात विटीदांडू, कबड्डी आणि पतंग होते. मुंबईच्या ट्राइन कंपनीनं गल्ली क्रिकेटचा गेम केला. आमच्या घरी हे यंत्र नव्हतं, पण बीडला एका ओळखीच्यांकडं मी विटीदांडूचा गेम पाहिला. खरं सांगायचं तर हात हलवायला अंगणच बरं वाटलं. पण कुणी तरी आपल्याला मोजायला निघालं होतं, हे बरं होतं.

याच दरम्यान मोठ्या यंत्रांवर बंदुकीचा गेम राजा झाला होता. डोळ्यांसमोर फक्त बंदुकीची नळी दिसते, आपणच शिपाई, असा प्रकार. तो आधी कॉम्प्युटरचा, माऊसचा. हातातल्या रिमोटवर तो जमणार नाही असं जाणकार म्हणत. १९९७ चा ‘गोल्डनआय’ आणि २००१ चा ‘हेलो’ यांनी ते खोटं ठरवलं. हेलो ज्या यंत्रावर आला ते मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स अमेरिकेत मुख्यतः या प्रकारावर उभं राहिलं. जपानमध्ये तेच यंत्र कधी रुजलं नाही. मग कारखानदार गिऱ्हाईक बघून माल काढणारच. अमेरिकी गिऱ्हाईक, इराकच्या युद्धाचे दिवस. २००७ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी’त एक बिननावाचा अरब देश आहे, आणि आपण अमेरिकी सैनिक म्हणून तिथल्या गल्ल्यांतून गोळ्या झाडत जायचं.

भाईजानचा मुलगा तेव्हा औरंगाबादला शिकत होता. मी त्याच्या खोलीवर उतरलो होतो. रात्री तो आणि त्याचे मित्र आळीपाळीनं हाच गेम खेळत होते. मध्येच तो मला म्हणाला, चाचा, भिंतीवर काय लिहिलंय वाचता येतं का? मी चष्मा लावून पुढं सरकलो. ज्या लिपीत माझी अम्मी रोज पहाटेच्या नमाजनंतर पानं उलटायची, तीच लिपी. पण भिंत सारखी हलत होती, माणसं पडत होती, वाचायला सवड नव्हती. त्याचे मित्र चांगली पोरं होती, माझ्यासाठी चहा करायला उठलेली. कुणाच्या मनात काही नव्हतं. मी पण काही बोललो नाही. फक्त वाटलं की हा गेम बनवताना त्या भिंतीकडं वाचण्याच्या नजरेनं बघणारा एखादा या बाजूला बसून खेळेल, हे कुणाच्या हिशेबात नव्हतं. क्रिकेटच्या वेळी आम्ही शून्य होतो. इथं भिंत झालो होतो.

मग मोबाईल आला आणि डब्यांची भांडणं आमच्यापुरती मिटली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आला, डेटा स्वस्त झाला, आणि ज्या घरात कधी टीव्ही नव्हता त्या घरातही काच आली. प्लेस्टेशनचं पाचवं यंत्र २०२१ साली भारतात ४९,९९० रुपयांना आलं, त्याच्या सुरुवातीच्या एकेका नव्या गेमची किंमत ४,९९९. आमच्या भागात दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात; कोप्यांत राहणाऱ्या पोरांना ही किंमत सांगितली तर ती हसतील. पण बापाच्या मोबाईलवर पब्जी फुकट होता. २०१८ पासून तो खेळला गेला, २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं बंद केला, २०२१ मध्ये नाव बदलून आला, २०२२ मध्ये पुन्हा गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला.

तो फुकट का? कारण पैसा आत घेतात. बंदुकीला रंग, शिपायाला कपडे, हे विकत. शंभर जण फुकट खेळतात तेव्हा पैसे देणाऱ्या थोड्यांना आपला झगा मिरवायला माणसं मिळतात. भाईजानचा धंदा याच्या बरोब्बर उलटा होता, बसायचे पैसे, आत सगळं फुकट. आमच्याकडं सगळ्यांचा जीव ‘बंदुकी’वर होता तो भाडं वाटता येई म्हणून; आज आहे तो भाडंच नाही म्हणून. आणि जिथं प्रत्यक्ष पैसा लावून खेळायचं, ते प्रकार आमच्या तालुक्यातल्या काही घरांत काय करून गेले ते मी इथं सांगत नाही. संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदा केला.

या काचेवर इथल्या माणसांनाही जागा सापडली. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा ‘लुडो किंग’ २०१६ चा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये उमापुरातल्या म्हाताऱ्या बायकाही पुण्यातल्या सुनेशी त्यावर भांडत होत्या. क्रिकेटचे मोबाईल गेम चेन्नईत झाले, मुंबईत झाले, आणि ते अमेरिका-जपानला विचारून झाले नाहीत. पुण्याच्या नोडिंग हेड्स या छोट्या मंडळींनी तर ‘राजी’ नावाचा गेम केला, भारतीय देवळं, भारतीय मुलगी नायिका, आणि तो २०२० मध्ये सगळ्यात आधी आला तो निन्टेन्डोच्याच यंत्रावर. ज्या कंपनीच्या कुलूप नसलेल्या डब्यातून आम्ही आत शिरलो होतो, तिच्या पुढच्या दारानं पुण्याची माणसं गेली. ही बातमी मी वाचली त्या दिवशी भाईजानना फोन केला होता. त्यांना राजी काय ते समजलं नाही. ‘उसमें गोष्ट है क्या?’ एवढंच विचारलं, आणि हसले.

दुकान १९९७ च्या पावसाळ्यात बंद झालं. विजेच्या कमी-जास्त दाबानं अडॅप्टर जळायचे, शेवटी टीव्हीही गेला, आणि दुसरा घ्यायला पैसे नव्हते. ते कुठं गेले होते ते वर सांगितलंच आहे. भाईजाननी मला त्यावरून कधी बोल लावला नाही. ते गेल्यावर ही वही वाटणीत माझ्याकडं आली, म्हणजे इतर कुणाला नको होती.

परवा पुतण्याच्या धाकट्या मुलाला ती दाखवली. तो मोबाईलवर क्रिकेटच खेळत होता, फलंदाजी चालली होती. एका हातानं पानं उलटत त्यानं विचारलं, दादा, ही सगळी पोरं क्रिकेट मागत होती, तर मग खेळली काय? मी त्याला मधली पानं काढून दिली. बंदूक, बंदूक, रणगाडा, मिशीवाला, बंदूक. राजाच्या नोंदीवर तो थांबला आणि ‘लाईट गेली, पैसे परत’ हे मोठ्यानं वाचलं. तेवढ्यात त्याची विकेट गेली.